जागा राहिली, बॅटरी गेली

नागपुरात गाडीची बॅटरी उन्हानं मरते, असं मेकॅनिक सांगतात. दवाखान्यांनी भरलेल्या धंतोलीपुरतं हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं काम मालक करतो. तो गाडी हलवतच नाही.

हलवणार कशी? फाटकासमोरची जागा सोडली की दहा मिनिटांत तिथं दवाखान्यात आलेली गाडी उभी. कधी गोंदियाची, कधी छिंदवाड्याची, कधी थेट रायपूरची. हे दुखणं धंतोली नागरिक मंडळानं हायकोर्टापर्यंत नेलं, पण शेजाऱ्यांचा सल्ला जुनाच आहे: "काहून काढून राहिले भाऊ गाडी? जागा जाईन ना!" मग भाऊ ऑटोनं बर्डीच्या बाजारात जातात आणि गाडी जागा राखत बसते. आतलं घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर रोज घोट घोट करंट पितात. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, बाराच्या खाली आली की जवळजवळ रिकामी. अशी रिकामी पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं. एक दिवस लग्नाला निघायचं म्हणून सेल्फ मारावा, तर नुसतं टक्-टक्-टक्.

उन्हालाही सोडायचं कारण नाही. तापमान दहा अंशांनी चढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. आपल्याकडं २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. मे २०२४ मध्ये शेजारच्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित यंत्रानं चक्क ५६ दाखवले, तेव्हा हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. बिचारा सेन्सर! आणि बॅटरीवर काय छापलेलं असतं? उणे १८ अंशांत ती किती जोर लावेल याचा आकडा. धंतोलीत उणे १८ फक्त आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये.

पूर्वी चार पोरं धक्का मारायची. आता गाडी ऑटोमॅटिक, ती धक्क्यानं सुरू होत नाही. गिअरची असली तरी धक्का मारायला पुढं रिकामा रस्ता लागतो, तो आणायचा कुठून? घरपोच बॅटरी आणणारा पोरगाही मेहाडिया चौकातूनच फोन करतो, "साहेब, गाडी कुठं लावू?"

तेव्हा बॅटरी बदलायचं काम घरीच करायचं. दहाचा पाना बहुतेक गाड्यांना पुरतो. गाडी बंद, चावी खिशात. आधी काळी वायर, म्हणजे मायनस सोडायची, मग लाल. लावताना उलट, आधी लाल, शेवटी काळी. हा सोवळ्याचा नियम नव्हे. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. काळी लागलेली असताना लाल सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, हातमोजे घालून, कारण आत गंधकाम्ल आहे. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, दुकानात परत द्या. २०२२ च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. शिवाय शिशाचे पैसे नव्या बिलातून वजा होतात, आणि ही भाषा नियमांपेक्षा लवकर कळते.

नवी बॅटरी बसली, गाडी एका झटक्यात सुरू झाली. आता तिला आठवड्यातून एकदा तरी वर्धा रोडवर अर्धा तास पळवायला हवं. हे ऐकून मालकाचा चेहरा पडतो. "उभ्या उभ्या चालू ठेवली तं नाही चालत का?" फारसं नाही. इंजिन नुसतं घुरघुरत असताना चार्जिंग नावापुरतंच होतं, धूर मात्र शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पोचतो.

ज्यांना गाडी हलवायचीच नाही, त्यांनी सरळ काळी वायर सोडून ठेवावी. बॅटरी महिनोन्‌महिने टिकेल, जागाही टिकेल. फक्त महापालिकेच्या कर विभागाला सुगावा लागू देऊ नका. एका जागी कायम उभं असलेलं बांधकाम त्यांच्या वहीत कशात मोडतं, ते धंतोलीकरांना चांगलं ठाऊक आहे.