काही आलं का?

सर्व्हर दमला आहे का, हे पाहायला त्याची नाडी धरावी लागत नाही. 'अपटाइम' टाइप केलं की ओळीच्या शेवटी तीन आकडे येतात : गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचा सरासरी लोड. ४ कोअरच्या यंत्रावर तो चारच्या आत असला की निवांत चहा घ्यावा. आमच्या ऑफिसच्या मेल सर्व्हरवर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो चाळीसच्या पुढे गेला होता. आणि गंमत म्हणजे प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला!

या गमतीचं कारण मला मनापासून आवडतं. लिनक्स लोड मोजताना फक्त राबणारे आणि प्रोसेसरच्या रांगेतले प्रोग्राम मोजत नाही. १९९३पासून तो डिस्ककडे डोळे लावून बसलेल्यांनाही मोजतो. म्हणजे साहेब टेबलाशी मोकळेच आहेत, पण फाइल आणणारा शिपाई एकटा, तो रेकॉर्ड रूममध्ये गडप, आणि बाहेरच्या बाकांवर चाळीस माणसं ताटकळलेली. काम कुणीच करत नाहीये, तरी कचेरी ओसंडून वाहते आहे.

बाकांवर कोण बसलं आहे ते पाहिलं, तर सगळी आपलीच माणसं. ना हॅकर, ना व्हायरस. पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेले नवे फोन! प्रत्येकाने घरी पेढा ठेवून, हळदकुंकू लावून फोन सुरू केला आणि सकाळी ऑफिसचं खातं त्यात घातलं. 'किती दिवसांचे मेल हवेत?' असं फोनने विचारलं, तेव्हा बहुतेकांनी 'सगळे' निवडलं. मराठी माणूस काटकसरी खरा, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीत 'थोडे' कशाला म्हणेल?

हे 'सगळे' फार जड असतं. आमच्याकडे प्रत्येक मेल ही डिस्कवरची एकेक वेगळी फाइल. अकाउंट्सच्या मॅडमनी नोकरीला लागल्यापासून काही पुसलेलं नाही. लाखभर मेल एकाच इनबॉक्समध्ये. त्यात सहीखाली लोगो, आणि उत्तराच्या उत्तरालाही तोच लोगो. शिवाय जोडलेली फाइल मेलमधून जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, कारण प्रत्येक ३ बाइट ४ अक्षरांत लिहावे लागतात. आणि डिस्क आमची जुनी, फिरती. इकडेतिकडे विखुरलेल्या फाइली उचलायच्या म्हटलं की ती सेकंदाला जेमतेम शंभर-सव्वाशे वाचते.

पूर्वी असं नव्हतं. पॉप पद्धतीत संगणक मेल उतरवून घ्यायचा, सर्व्हरवरची प्रत बहुधा पुसून टाकायचा आणि निघून जायचा. १९८६च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप आणलं. मेल सर्व्हरवरच राहावेत, आणि माणसाने कुठूनही येऊन पाहावेत. कल्पना सुंदर. फक्त एका माणसाकडे लॅपटॉप, टॅब, फोन आणि मुलाला खेळायला दिलेला जुना फोन असेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नात येणार? त्या जुन्या फोनात पासवर्डही जुनाच असतो. मूल गेम खेळत असतं आणि मागे फोन सर्व्हरचं दार वाजवत राहतो.

सतत विचारणं थांबावं म्हणून १९९७मध्ये सोय झाली : जोडणी उघडी ठेवून गप्प राहा, नवं काही आलं की सर्व्हरच सांगेल. पण अशी एक जोडणी एकाच फोल्डरवर लक्ष ठेवते. म्हणून लॅपटॉपवर मेल वाचायचा थंडरबर्ड सुरुवातीलाच ५ जोडण्यांची परवानगी घेऊन बसतो. आमच्या सर्व्हरवर मेल वाटणारा डव्हकॉट एका इंटरनेट पत्त्यावरून एका खात्याला १० जोडण्या देतो, आणि बाहेरून पाहिलं तर अख्ख्या ऑफिसचा पत्ता एकच. चौकशीचं सामाईक खातं दोन लॅपटॉपवर उघडलं की कोटा संपला. तिसरा येऊन तक्रार करतो, "घरी मेल दिसतात, ऑफिसात का नाही?" प्रश्न अगदी रास्त असतो, म्हणून जास्तच त्रास होतो.

उपाय कंटाळवाणे होते. टेबलाटेबलाशी जाऊन फोनवर 'सगळे' काढून 'एक महिना' केलं. लॅपटॉपवर पाचाच्या दोन जोडण्या केल्या. मॅडमचे मेल वर्षावर्षांच्या फोल्डरांत लावले. त्या वेळी त्या शेजारी उभ्या राहून, बँकेचं लॉकर उघडावं तशा नजरेने पाहत होत्या. खालच्या मजल्यावरून एक बाई स्वतःहून येऊन म्हणाल्या, "माझं पण करून द्या," आणि मग रांग लागली. बाकं रिकामी झाली. लोड एकच्या खाली आला. कुणाच्या लक्षात आलं नाही, हे बरंच झालं.

रविवारी सकाळी मॅडमचा फोन आला.

"अहो, सर्व्हर बंद आहे का? कालपासून एकही मेल नाही."

पाहिलं. लोड ०.०४.

"चालू आहे, मॅडम. कुणी पाठवलाच नाहीये."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"तरी एकदा रीस्टार्ट करून बघता का?"