आईचं दुखणं लेकीच्या तोंडून

'जीव द्यावासा वाटतो का?' अमेरिकेतल्या दवाखान्यात डॉक्टर इंग्रजीत विचारतात. सोबत आलेली शाळकरी मुलगी तोच प्रश्न आईला स्पॅनिशमध्ये विचारते. लेकीसमोर कुठली आई 'हो' म्हणेल? फाइलवर 'नाही' लिहिलं जातं. आणीबाणी सोडून लहान मुलांना असं दुभाषी करायला तिथल्या २०१६ च्या नियमांनी मनाई केली आहे. तरी घाईच्या वेळी मूलच पुढे केलं जातं.

२०२० च्या जनगणनेत अमेरिकेतले हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांतले लोक) ६ कोटी २१ लाख भरले, म्हणजे शंभरात जवळपास एकोणीस. त्यातले कित्येक इंग्रजी सफाईने बोलतात. ज्यांना ती जमत नाही, त्यांचं निदानच चुकू शकतं. न्यूयॉर्कमध्ये लुईस मार्कोस आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या त्याच रुग्णांना दोन्ही भाषांत बोलतं केलं. इंग्रजीत त्यांचा आजार जास्त गंभीर ठरला. परक्या भाषेत माणूस अडखळतो, थांबतो, तुटक बोलतो, आणि तेच लक्षण समजलं जातं. हा अभ्यास १९७३ चा आहे!

मग स्पॅनिश येणारा डॉक्टर नेमला की झालं? मुळीच नाही. घरात आजीशी स्पॅनिश बोलणारी रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, भास-भ्रमांबद्दल विचारताना अडते, कारण तिचं सगळं वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत झालेलं असतं. मानसोपचाराच्या चार वर्षांच्या रेसिडेन्सीत तिला स्पॅनिशमधून मुलाखत घ्यायला शिकवावं लागतं, आणि शेजारी बसून चुका दाखवणारा वरिष्ठही स्पॅनिश जाणणारा लागतो. नाहीतर तिने इंग्रजीत सांगितलेल्या गोषवाऱ्यावरच शिकवणी उरकते.

सगळ्यात संताप येतो तो पुढच्या प्रकाराचा. 'जरा येऊन बोल ना त्यांच्याशी' म्हणत तिला दुसऱ्या वॉर्डांत पळवतात. तिचे पेशंट खोळंबतात, मोबदला शून्य. हे सरळसरळ राबवून घेणं आहे. त्या कामाचे तास मोजा, पैसे द्या, आणि प्रशिक्षित दुभाषी वेगळे नेमा. ते लागणारच आहेत, कारण ग्वाटेमालाहून आलेल्या माम किंवा किचे भाषा बोलणाऱ्या कित्येकांना स्पॅनिशही परकीच असते.

इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा समजेल अशा भाषेत मिळावी, हा क्लिंटन यांचा २००० सालचा आदेश ट्रम्प यांनी मार्च २०२५ मध्ये रद्द केला. तो आदेश ज्यावर उभा होता, तो १९६४ चा नागरी हक्क कायदा मात्र शाबूत आहे. हॉस्पिटलांनी त्याच्याकडे बोट दाखवून स्पॅनिशमधून मुलाखत घेण्याच्या प्रशिक्षणासाठी जागा आणि निधी आजच मागावा.