लेमन सेटवाल्या साहेबांना अनावृत पत्र

श्री. जेराल्ड रॅटनर यांस,
मुक्काम विलायत.

स. न. वि. वि.

पत्राला तीस-पस्तीस वर्षं उशीर झाला, त्याचं कारण सांगतो. परवा माळा आवरताना एक लेमन सेट हाती लागला. एक जग, सहा ग्लास, खाली चंदेरी ट्रे. खोक्यावर खोडलेली तीन नावं आणि कुणीही न उचकटलेली चिकटपट्टी. हा सेट आमच्या नात्यात किती लग्नं फिरून आलाय कोण जाणे. तो पाहिला आणि तुमचीच आठवण झाली.

२३ एप्रिल १९९१. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, समोर पाच-सहा हजार उद्योगपती आणि व्यासपीठावर दागिन्यांच्या दोन हजारांवर दुकानांचे सर्वेसर्वा, म्हणजे आपण. आमच्याकडे शेरीची सुरई, सहा ग्लास आणि मुलामा दिलेला ट्रे असा सेट ४ पौंड ९५ पेन्सला मिळतो, असं आपण सांगितलंत. लोक विचारतात, एवढा स्वस्त कसा? तर मी म्हणतो, माल भंगार आहे म्हणून! (मूळ शब्द याहून दोन पायऱ्या खालचा होता. आमच्या घरात पोरंबाळं आहेत.) मग एक पौंडाच्या आतली कर्णफुलं निघाली. मार्क्स अँड स्पेन्सरच्या कोळंबीच्या सँडविचपेक्षा ती स्वस्त, पण टिकायचं ते बहुधा सँडविचच. हॉलमध्ये हशा पिकला. पिकणारच, हा विनोद तुमचा आधीही सांगून झालेला होता.

दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला, आणि तिथे मात्र कुणी हसलं नाही.

साहेब, माझा तुम्हाला दंडवत आहे. ‘नंबर एक माल’, ‘घरचंच समजा’, ‘तुमच्यासाठी म्हणून’ हे ऐकत आम्ही म्हातारे झालो. आपला माल टाकाऊ आहे असं माइकवरून सांगणारा व्यापारी आम्ही पाहिला नाही. राजा हरिश्चंद्रानं सत्यापायी राज्य घालवलं, तुम्ही कंपनीचं सुमारे पन्नास कोटी पौंडांचं मोल घालवलंत. हरिश्चंद्राला निदान राज्य परत मिळालं. तुम्हाला १९९२च्या नोव्हेंबरात घरी बसावं लागलं आणि पुढच्या वर्षी कंपनीनं तुमचं आडनाव टाकून ‘सिग्नेट’ हे नाव घेतलं.

गंमत म्हणजे तुमच्या दुकानाकडे पाठ फिरवायला कुणी पुढारी लागला नाही. मला आपली एक मुलगी दिसते. सकाळच्या बसमध्ये शेजारच्याच्या पेपरात डोकावणारी. बातमी वाचता वाचता तिचा हात कानाकडे जातो. शनिवारी पगार झाल्यावर प्रियकरानं घेतलेली ती कर्णफुलं, आणि आता सगळी बस तिच्या कानांकडे पाहत्येय. ती खरं सोनं म्हणून घालत नव्हतीच. आमच्याकडे एक ग्रॅमचे दागिने घालणारीलाही ते ठाऊक असतं. पण ते मालकानं हसत हसत सांगायचं नसतं.

तुम्ही आमच्या पुण्यात उमेदवारी करायला हवी होती. तिथला दुकानदार गिऱ्हाइकाचा अपमान करतो, सुटे नाहीत म्हणून परत पाठवतो, दुपारी तोंडावर शटर ओढतो. लोक तरी रांग लावतात, कारण तो आपल्या मालाला कधी नावं ठेवत नाही. तुम्ही नेमकं उलट केलंत.

तुमच्यानंतरच्या मंडळींना हे बरोबर कळलंय. इटलीतल्या पास्ता कंपनीच्या ग्वीदो बारिल्ला यांनी २०१३मध्ये रेडिओवर सांगितलं की आमच्या जाहिरातीत समलिंगी कुटुंब दिसणार नाही, न पटलं तर दुसऱ्याचा पास्ता खा. बहिष्काराची हाक येताच त्यांनी माफी मागितली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या समलिंगी हक्कांच्या संस्थेकडून पैकीच्या पैकी गुण आणले. अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या गोया कंपनीच्या रॉबर्ट उनानुए यांनी २०२०च्या जुलैत व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांचं गुणगान केलं. एका बाजूनं बहिष्कार पुकारला, दुसऱ्या बाजूनं घेवड्याचे डबे गाडीभर उचलले, आणि खुद्द अध्यक्षांनी टेबलावर डबे मांडून फोटो काढला. त्या दिवसांत विक्री चक्क वाढली आणि तीनेक आठवड्यांत जिथल्या तिथे आली. पास्त्याला किंवा घेवड्याला कुणी वाईट म्हटलं नव्हतं. साहेबाचं राजकारण गिऱ्हाईक महिन्याभरात विसरतं. आपल्याला हसलेलं मात्र विसरत नाही.

तरी तुम्ही खट्टू होऊ नका. १८८०मध्ये आयर्लंडातल्या मेयो परगण्यात बॉयकॉट नावाचे एक कॅप्टन जमीनदाराचे कारभारी होते. गावानं त्यांना असं वाळीत टाकलं की शेतातलं पाचशे पौंडांचं पीक काढायला बाहेरून मजूर आणि राखणीला फौज आणावी लागली. त्यावर दहा हजार पौंड उडाले म्हणतात. त्यांचं आडनाव जगाच्या तोंडी बसलं. विलायतेत आज स्वतःच्या धंद्यावर स्वतःच्याच तोंडानं धोंडा पाडून घेतला तर ‘रॅटनर केला’ म्हणतात. एवढा मान पास्तावाल्या आणि घेवडेवाल्या साहेबांना काही मिळाला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक गिऱ्हाईक

ता. क. : तुमच्या त्या सेटांपैकी एखादा कुठे पडून असेल तर कळवा. वैशाखात भाच्याचं लग्न आहे, आणि आमच्याकडे खोकं कुणी उघडत नाही.