नारळ फोडला, बीम नाही

रेव्हिट हे बिमचं, म्हणजे इमारतीचं माहितीसकट मॉडेल बनवण्याचं, सॉफ्टवेअर ऑटोडेस्कने 2002 मध्ये विकत घेतलं. पुण्यातल्या आमच्या ऑफिसला मुहूर्त आत्ता सापडला. साहेबांनी नारळ फोडला, परवान्याचे वर्षाचे पैसे भरले आणि ट्रेनिंगचं विचारल्यावर म्हणाले, ‘यूट्यूब आहे की!’

आता एक भिंत सरकवली की प्लॅन, सेक्शन, दारांचं शेड्यूल सगळं आपोआप बदलतं. साहेब सोडून. ते प्रिंटवर लाल पेनानेच खुणा करतात. स्ट्रक्चरवाला ऑटोकॅडचीच फाइल धाडतो, तीही व्हॉट्सॅपवर. मग एसीचा डक्ट बीमला धडकतोय हे बिचाऱ्या मॉडेलला कळणार कसं? ते साइटवर मिस्त्रीला कळतं, आणि तो छिन्नी मागवतो.

ऑफिसच्या ब्रोशरवर मात्र ‘बिम-सज्ज’ छापून झालंय. फीसुद्धा वाढवली आहे.