एका देहातील दोन संस्थाने

सिंहस्थात शैव आखाड्यांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात आणि वैष्णवांनी नाशकात रामकुंडावर स्नान करावे, या वहिवाटीतील सुज्ञतेचा लवलेशही संगणकशास्त्रात उतरलेला नाही; कारण एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स यांना पृथक् जहागिरी तोडून दिल्या, तरी नूतनीकरणाचे फर्मान सुटले की पहिले संस्थान कधीकधी दुसऱ्याच्या देवडीवरील पहारेकऱ्याला (ग्रब हे त्या बूटलोडरचे नाव) बेधडक बडतर्फ करते. ऑगस्ट २०२४मध्ये तर मायक्रोसॉफ्टने, ड्युअल-बूट यंत्रे वगळू असे सांगूनही, सुरक्षेच्या सबबीखाली कित्येक लिनक्सांचे दरवाजे बंद केले. पक्की दुरुस्ती आली मे २०२५मध्ये. आमच्या चिरंजीवांनी याच कलहात सापडलेल्या घरच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हरूपी वकील धाडून तह घडवला खरा. त्या तहात माझे पेन्शनचे कागद कोणत्या मुलखात गेले, ही चौकशी मात्र दफ्तरी दाखल आहे.