घुमटदर्शन

अमेरिकेत 50 राज्यं, म्हणजे 50 विधानभवनं. मोटारसायकलवरून ती सगळी पालथी घालणारी हौशी जोडपी तिथे आहेत. बऱ्याच ठिकाणी तोच घुमट, त्याच पायऱ्या आणि हेल्मेट काखेत मारून तोच फोटो. तो घुमट न्याहाळतो, ती आखडलेली कंबर चोळते. डेन्व्हरला मात्र दोघं पायऱ्या चाचपतात. एका पायरीवर समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीची खूण आहे. पुन्हा मोजलं तसं खुणेनं पायरी बदलली. सरकारी मोजमापच ते! खरी गंमत अलास्कात. राजधानी जुनोला बाहेरून रस्ताच नाही. मतदारांपासून लांब राहण्याची इतकी चोख सोय आमच्याही पुढाऱ्यांना जमलेली नाही. जाणार असाल तर गाडीसकट बोटीचं तिकीट आधीच काढा.