सूटकेसबाईंना अणशीहून खुले पत्र

अणशी, ता. जोयडा,
जि. उत्तर कन्नड

श्रीमती सूटकेसबाई यांस,
स. न. वि. वि.

16 जून 1993 रोजी मुंबईत, बँकांच्या पैशांच्या शेअर घोटाळ्यात अडकलेले दलाल हर्षद मेहता यांनी पत्रकारांपुढे जाहीर केलं, की 4 नोव्हेंबर 1991 ला आपण पंतप्रधान नरसिंह रावांना एक कोटी रुपये पोचवायला निघालो होतो; 67 लाख तुमच्या पोटातून गेले, उरलेले दुसऱ्या दिवशी. हे सांगताना शेजारी वकील राम जेठमलानी. रावांनी साफ इन्कार केला. मग बँकांचे हजारो कोटी कुठे गेले हे राहिलं बाजूला, आणि अख्खा देश तुमची लांबी-रुंदी मोजत बसला. कुठल्या सामानाच्या नशिबी आला असा मान?

मीही हिशेब करून पाहिला. पावसाळ्यात आमच्या घाटात दुसरं करायचं काय! शंभराच्या नोटांत 67 लाख म्हणजे 670 पुडकी, वजन साठ किलोंच्या वर. उचलणाऱ्याच्या कमरेत उसण भरली असती आणि तुमची मूठ हातात आली असती. पाचशेच्या नोटा घेतल्या तर 134 पुडकी. मग मात्र तुम्ही सगळं सामावून वर एखादा टॉवेलही ठेवून घेतला असता. हजाराची नोट तेव्हा चलनातच नव्हती.

आरोप काही शाबीत झाला नाही. पण लोक म्हणाले, चोराच्या बोलण्यावर विश्वास कसला ठेवायचा? इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. आमच्या परसात वानरं येतात, पेरू ओरबाडतात, केळफूल मोडून टाकतात, कौलं फोडतात. पक्के चोर. पण तीच वानरं झाडावरून खॅक-खॅक करू लागली की आम्ही आधी वासरू आत घेतो. काळी व्याघ्र प्रकल्पात राहून वानराचं चारित्र्य तपासत बसलो तर गोठा रिकामा होईल.

तुमची एक अमेरिकन बहीण आहे, ब्रीफकेस. इलिनॉयमधल्या डिकेटरच्या आर्चर डॅनियल्स मिडलंड कंपनीत मार्क व्हिटॅकर बडा अधिकारी होता. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात घालायच्या लायसिनचे भाव आपली कंपनी जपानी-कोरियन कंपन्यांशी संगनमत करून ठरवते, हे त्यानं एफबीआयला सांगितलं आणि ब्रीफकेसमध्ये टेपरेकॉर्डर दडवून अडीच वर्षं बैठका टिपल्या. हा सद्गृहस्थ त्याच काळात कंपनीचे 90 लाख डॉलर स्वतःकडे वळवत होता! शिवाय आशा अशी, की वरचे साहेब आत गेले की खुर्ची आपलीच. स्टीव्हन सोडरबर्गनं 2009 साली यावर 'द इन्फॉर्मंट!' हा सिनेमा काढला. त्यातला गुबगुबीत, मिशाळ मॅट डेमन भलत्या वेळी मनात ध्रुवीय अस्वलाच्या काळ्या नाकाचा विचार करतो. व्हिटॅकरची एक थाप उघडी पडली की दुसरी तयार. आपण अनाथ होतो आणि दत्तक गेलो, हीसुद्धा त्यातलीच. तरी कंपनीला 10 कोटी डॉलर दंड बसला, कारण टेप थापा मारत नव्हती. व्हिटॅकरला अफरातफरीबद्दल नऊ वर्षं मिळाली, ज्यांना त्यानं पकडून दिलं त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त.

बाई, तुमच्या पोटात टेप नव्हती. नुसती जागा होती.

पुढचं तुमच्या कानावर आलं असेल-नसेल. तुमच्या गाजावाजानंतर दीड महिन्यात, 28 जुलै 1993 ला, रावांचं सरकार अविश्वास ठरावातून 265 विरुद्ध 251 मतांनी तरलं. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी मतांसाठी पैसे घेतल्याचं प्रकरण नंतर कोर्टात गेलं. त्यांच्यातलेच शैलेंद्र महातो माफीचे साक्षीदार झाले. (पुन्हा वानरच ओरडलं!) राव 2000 साली दोषी ठरले आणि 2002 मध्ये उच्च न्यायालयातून सुटले, महातोंची साक्ष न्यायालयाला भरवशाची वाटली नाही. त्याआधी 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की पैसे घेऊन ठरल्याप्रमाणे मत देणाऱ्या खासदाराला घटनेचं संरक्षण आहे. पैसे घेऊन मत न देणाऱ्याला नाही. लाचेतही दिला शब्द पाळावा लागतो! तो निकाल फिरवायला 2024 उजाडलं.

आणि तुम्हाला लागेल अशी गोष्ट म्हणजे, त्या खासदारांनी पैसे चक्क बँकेत भरले होते, आपापल्या खात्यावर. तुम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अणशीचा एक रहिवासी